तीच काच दोनदा

माझ्या बाबांनी बेचाळीस वर्षं लोकांना एकच प्रश्न विचारला. "हे बरं दिसतंय, की हे?"

त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. पुढे काउंटर आणि फ्रेमांची कपाटं, मग एक जाड पडदा, आणि पडद्यामागे लांबट अंधारी खोली. तिथे एक उंच खुर्ची, समोरच्या भिंतीवर दिव्याचा अक्षरांचा तक्ता आणि हाताशी काचांची लाकडी पेटी. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की बाबा त्याच्या नाकावर एक जड, गोल चौकट चढवतात, तिच्यात एक काच सरकवतात, काढतात, दुसरी सरकवतात आणि विचारतात. त्यानं जे सांगितलं त्यावरून पुढची काच ठरते. नंबर असाच काढायचा असतो. हल्ली यंत्रं आली आहेत, डोळा टेकवला की नंबर छापून हातात. बाबांकडेही तसलं एक आहे. त्यातून निघालेला कागद ते बघतात, घडी करून खिशात घालतात आणि म्हणतात, "यंत्राचं म्हणणं कळलं. आता तुमचं सांगा."

एका माणसाला ते पाऊण तास सहज घेतात. बाहेर बाकावर बसलेले लोक घड्याळ बघत बसतात. आई होती तोपर्यंत पडद्याआडून तिचा आवाज यायचा, "अहो, नंबर काढताय की पत्रिका जुळवताय?" आता आईला जाऊन सहा वर्षं झाली आणि बाबांना कुणी टोकत नाही, त्यामुळे कधीकधी तास होतो.

त्यांची एक खोड मला नवव्या वर्षी कळली. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला निळ्या फ्रेमचा चष्मा लागला होता आणि मला तो हवाच होता. मी घरी येऊन डोळे चोळले, डोकं दुखतंय म्हणाले, फळ्यावरचं दिसत नाही म्हणाले. बाबांनी मला खुर्चीत बसवलं. मी नाटक झकास केलं. तक्त्यावरचं प्रत्येक अक्षर तोंड वाकडं करून चुकीचं वाचलं. मग त्यांनी एक काच घातली, काढली, पुन्हा घातली आणि विचारलं, "हे बरं, की हे?" मी ठामपणे म्हटलं, "दुसरं. दुसऱ्यानं एकदम स्वच्छ दिसलं."

बाबांनी चौकट उतरवली. "तीच काच होती," ते म्हणाले. "दोन्ही वेळा तीच."

ते काही रागावले नाहीत. मला समजावून सांगितलं, की प्रत्येकाला ते मध्येच एकदा तीच काच दोनदा दाखवतात. माणूस खरं सांगतोय, की दमून, भिडेखातर, काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून देतोय, हे त्यातून कळतं. "तेव्हा बरोबर उत्तर एकच असतं," ते म्हणाले. "सारखंच दिसतंय. पण ते म्हणायची लोकांना लाज वाटते. मी विचारलंय म्हणजे फरक असणारच, असं त्यांना वाटतं." मग त्यांनी मला निळी फ्रेम दिली, बिनकाचांची. मी ती आठवडाभर शाळेत घालून मिरवले आणि तिच्या भोकांतून डोळे चोळताना पकडले गेले.

तर असे हे बाबा. गल्लीत त्यांना चष्मेकाका म्हणतात. मला ते अजून फटाकडी म्हणतात, आणि ते काही लाडानं ठेवलेलं नाव नाही. माझा राग नाकावर असतो. कुणी काही बोललं की मी आधी भांडते, मग ऐकते.

मी काय करते तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. मी व्हिडिओ गेमचे संवाद लिहिते. लोक विचारतात, गेममध्ये बोलतात का? आमच्यात बोलतातच. आमच्या प्रकारच्या गेममध्ये खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो, गावोगाव हिंडतो, भेटेल त्याच्याशी बोलतो. समोरचा काही म्हणाला की पडद्यावर खाली दोन-तीन उत्तरं येतात. त्यातलं एक निवडायचं, आणि गोष्ट त्या वाटेनं जाते. निदान खेळणाऱ्याला तसं वाटलं पाहिजे. खरं तर प्रत्येक वाट वेगळी लिहायची तर कामं तिप्पट होतात. लिहायचं तिप्पट, आवाज तिप्पट, तपासणी तिप्पट. म्हणून आम्ही वाटा थोड्या लांब नेतो आणि हळूच एकत्र आणतो. आमच्या ऑफिसात त्याला घडी घालणं म्हणतात. घडी चांगली पडली की कुणाला कळत नाही. माझी घडी सगळ्यात चांगली पडते, असं आमचा साहेबसुद्धा म्हणायचा. त्या साहेबाला आम्ही पाठीमागे 'वेळकुठे' म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक वाक्य "वेळ कुठे आहे" इथे येऊन संपतं.

या वर्षाच्या सुरुवातीला बाबा दुकानात स्टुलावरून पडले. वरच्या फळीवरचा फ्रेमांचा खोका काढायला चढले होते. भर दुपारी, दुकानात कुणी नाही. शेजारच्या फुलवालीनं आवाज ऐकला नाही, पण बाबा चहाला आले नाहीत म्हणून ती बघायला गेली, तेव्हा ते काउंटरमागे बसले होते, डाव्या हातानं उजवं मनगट धरून. बाकी काही झालं नव्हतं. पण फोन आला तशी मी हातातलं काम टाकून निघाले. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते मी. तिथे पोचेपर्यंतच्या त्या दीड तासात मी ठरवून टाकलं, की आता बस्स.

प्लास्टर घालून त्यांना माझ्या घरी आणलं. आणि त्याच आठवड्यात, त्यांना न विचारता, इमारतीच्या मालकीणबाईंना फोन केला. म्हटलं, बाबा दुकान सोडतायत, पुढच्या महिन्याच्या अखेरीला जागा मोकळी करून देऊ. त्या म्हणाल्या, बरं झालं, जागेला मागणी आहेच. मी फोन ठेवला आणि मला हायसं वाटलं. बाबांना सांगायचं ते सावकाश, गोडीगुलाबीनं सांगू, असा विचार केला. बेचाळीस वर्षांचं दुकान मी दोन मिनिटांच्या फोनवर मोडून मोकळी झाले होते, आणि तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

बाबा माझ्याकडे सहा आठवडे होते. पहिले चार दिवस त्यांनी माझ्या सोसायटीतल्या प्रत्येक चष्मेवाल्याचा चष्मा वाकडा बसलाय का ते बघितलं. पाचव्या दिवशी माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"हे तू लिहितेस?"

"हो."

"आणि या माणसानं काय बोलायचं ते कोण ठरवतं?"

"तुम्ही. खेळणारा."

"मी?" ते म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची ओढली.

सत्तरीचा माणूस, उजवा हात गळ्यात, डाव्या हातात माऊस. आमच्या गेममध्ये तुम्ही नावाडी असता. मोठी नदी, दोन्ही काठांना वस्त्या, माणसं आणि निरोप इकडून तिकडे न्यायचे. बहुतेक खेळणारे धक्क्यावरून पाच मिनिटांत नाव सोडतात. बाबांनी पहिला दिवसभर नाव सोडलीच नाही. धक्क्यावरच्या एकेकापुढे जाऊन उभे राहिले. दोर वळणाऱ्याशी बोलले, पुन्हा बोलले, सहा वेळा बोलले.

"हा तेच तेच काय बोलतोय?" ते म्हणाले. "याची तब्येत बरी आहे ना?"

"बाबा, त्याला दोनच वाक्यं आहेत."

"का?"

"तो महत्त्वाचा नाहीये."

"धक्क्यावर दोर वळणारा महत्त्वाचा नाही?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. मी दुसऱ्या दिवशी गुपचूप त्याला आणखी चार वाक्यं लिहिली.

त्यांनी एक वही केली. डाव्या हातानं वेडीवाकडी नोंद करायचे. कोण काय म्हणालं, मी काय म्हटलं, मग तो काय म्हणाला. दुकानात ते गिऱ्हाइकांची वही ठेवतात तशीच. मी कामात असले की हाक मारायचे. "अगं, ही धान्यवाली माझ्याशी सरळ बोलत नाहीये. काल मी तिच्या जावयाला फुकट नेलं नाही, म्हणून का?" मी म्हणायची, हो, म्हणूनच. मग त्यांचा चेहरा खुलायचा. "लक्षात ठेवते म्हणजे," असं म्हणून ते वहीत लिहायचे. मला या सगळ्याची गंमत वाटत होती. आमच्या गेमला इतक्या गंभीरपणे कुणी घेतलं नव्हतं, मीसुद्धा.

मग ते जाळं विणणाऱ्यापाशी आले.

हा प्रसंग माझा आवडता होता. धक्क्याच्या टोकाला एक माणूस जाळं विणत बसलेला असतो. त्याचा भाऊ नदीवर गेलाय, तीन दिवस परतला नाही. तुम्ही येताना त्या भावाची नाव खडकावर फुटलेली पाहिलेली असते. तो विचारतो, "वाटेत माझा भाऊ दिसला का?" आणि खाली तीन पर्याय येतात. खरं सांगायचं. वाऱ्यामुळे उशीर होत असेल, असं सांगायचं. किंवा काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा.

बाबा थांबले. मी कपडे वाळत घालून आले, ते तसेच बसलेले. उठले, पाणी प्यायले, खिडकीपाशी उभे राहिले, पुन्हा येऊन बसले.

"घाई नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. घ्या वेळ."

वीस मिनिटांनी त्यांनी खरं सांगितलं. तुझा भाऊ येणार नाही, नाव फुटलेली मी पाहिली. जाळं विणणारा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बरं. समजलं." आणि पुन्हा विणायला लागला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मागे जाता येतं का?"

मी मागे नेऊन दिलं. त्यांनी दुसरं उत्तर दिलं, वाऱ्यामुळे उशीर होत असेल. "बरं. समजलं." पुन्हा मागे. खांद्यावर हात. "बरं. समजलं."

हे वाक्य शोधायला मला दोन दिवस लागले होते. तीन वेगवेगळ्या उत्तरांनंतर चपखल बसेल असं एक वाक्य सापडणं सोपं नसतं. धक्का बसलेला माणूसही तेच म्हणेल, खोट्यावर विश्वास ठेवणाराही तेच म्हणेल, न बोलता उमगलेलाही तेच म्हणेल. ऑफिसात त्यावर माझी वाहवा झाली होती. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते, की आता म्हणतील, वा.

"तुम्ही लोकांनी तीच काच तीनदा दाखवलीत," बाबा म्हणाले.

मी भडकले. सांगितलं ना, आधी भांडते. म्हटलं, तुम्हाला यातलं कळत नाही, प्रत्येक वाट खरी उघडी ठेवायची तर हा गेम दहा वर्षांत पुरा होणार नाही, आणि खेळणाऱ्याला विचार करायला लावलं हेच पुष्कळ. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मीही तीच काच दोनदा दाखवतो. पण ती त्याचं उत्तर पारखायला. तुमची कशाला?"

मी चहा टाकायला गेले. परत आले तर ते वही मांडीवर घेऊन बसले होते आणि मला म्हणाले, "बस. तुला तिघांचं सांगतो."

तिघंही त्या खुर्चीत बसलेले. कधीकधी दोष काचेनं सुधारण्यातला नसतो, डोळ्याच्या आतलाच असतो, आणि ते पहिल्यांदा बाबांच्या लक्षात येतं. सांगावं त्यांनाच लागतं. एक बाई होती, शिंप्याकडे काजं करणारी. तिला त्यांनी सरळ सांगितलं. हे चष्म्याचं काम नाही, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा. ती रडली नाही. तिनं विचारलं, "हातातला कोट पुरा करून जाऊ का?" मोठी बातमी ऐकली की माणूस आधी हातातल्या कामाचं विचारतो, बाबा म्हणाले. दुसरा एक ड्रायव्हर. त्याच्यापुढे बाबांना शब्दच फुटेना. ते काचा पुसत राहिले. तेव्हा ड्रायव्हरच म्हणाला, "म्हणजे आता गाडी बंद, असंच ना काका?" तुम्ही गप्प बसलात तर समोरच्याला ते स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागतं. बाबांना ते फार जड गेलं होतं.

"आणि तिसरे?"

"तिसरे हेडमास्तर." बाबांनी वही बंद केली. "त्यांना मी म्हटलं, थोडा ताण दिसतोय, महिन्याभरानं या, बघू. ते महिन्याभरानं आले. मी पुन्हा तेच म्हटलं. ते पाच महिने येत राहिले, दर वेळी वेळेच्या आधी दहा मिनिटं. मला धीरच झाला नाही. मग कुणीतरी दुसऱ्यानं सांगितलं त्यांना, तोवर उशीर झाला होता. ते माझं चुकलं गं. आजही सलतं."

बाबांनी हे मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन वेळकुठेपुढे उभी राहिले. म्हटलं, जाळ्यावाल्याचा प्रसंग उलगडायचा आहे, घडी काढायची आहे. तो त्याचं ते वाक्य म्हणाला. मी भांडले. तो म्हणाला, चार दिवस, आणि हा एकच. चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. आता खरं सांगितलं तर जाळं विणणारा हातातल्या जाळ्याकडे बघतो आणि विचारतो, "हे त्याच्याच मापाचं घेतलं होतं. पुरं करू का?" आणि तुम्हाला पुन्हा उत्तर द्यावं लागतं. गप्प राहिलात तर भाऊ येणार नाही हे तो स्वतःच्याच तोंडानं म्हणतो, आणि पुन्हा कधी तुमच्या नावेत बसत नाही. आणि खोटं सांगितलंत तर तो रोज सकाळी धक्क्यावर येतो. गेम संपेपर्यंत येतो, तुमच्या आधी पोचलेला असतो. वेळकुठेनं तीनही वाटा स्वतः खेळून पाहिल्या. खोट्याची वाट खेळताना चौथ्या सकाळी तो माऊस ठेवून म्हणाला, "हे मला आता सांगून टाकता येईल का त्याला?" त्यासाठी आणखी दोन दिवस त्यानं आपणहून दिले.

मी घरी आले ती विजयी होऊन. बाबांचं प्लास्टर दोन दिवसांपूर्वी निघालं होतं, मनगट फिरवत बसले होते, चेहरा छान होता. मला वाटलं, हीच वेळ. महिनाअखेर पंधरा दिवसांवर आली होती, मालकीणबाईंचा फोनही येऊन गेला होता.

मी त्यांच्यासमोर बसले. "बाबा, दुकानाचं ठरवू या. तीन मार्ग आहेत, तुम्ही म्हणाल तसं." आणि मी मांडलं. एक, पूर्वीसारखं पूर्ण वेळ उघडायचं. दोन, अर्धा दिवस. तीन, आता थाटात निरोप घ्यायचा आणि माझ्याकडे राहायचं. प्रत्येकाच्या पुढचं माझं वाक्यसुद्धा तयार होतं. पूर्ण वेळ म्हणाले तर, आधी मनगटात ताकद येऊ दे, तोवर जागा कशाला अडवायची. अर्धा दिवस म्हणाले तर, मालकीणबाईंना विचारून बघते, पण त्या तयार होतील असं वाटत नाही. बंद म्हणाले तर प्रश्नच मिटला.

बाबांनी तिन्ही ऐकले. मनगट फिरवायचे थांबले.

"सारखंच दिसतंय," ते म्हणाले.

मला कानाखाली वाजल्यासारखं झालं. आणि मी काय केलं? भांडले. तुमच्यासाठीच करतेय, तुम्ही पडलात तेव्हा माझं काय झालं तुम्हाला माहीत नाही, पुन्हा पडलात आणि फुलवाली त्या दिवशी नसली तर? हे सगळं खरं होतं, म्हणून मी आणखीच मोठ्यानं बोलले. ते थांबले माझं होईपर्यंत.

"विचारताना तू माझ्याकडे बघत नव्हतीस," ते म्हणाले. "गिऱ्हाईक सांगत असतं तेव्हा मी त्याच्याकडे बघतो. पुढची काच त्यावरून ठरवायची असते मला. तुझी ठरलेली होती."

मग मी सांगून टाकलं. "मालकीणबाईंना मी कळवलंय. महिनाअखेर जागा सोडतोय म्हणून."

"कधी?"

"तुम्ही पडलात त्याच आठवड्यात."

बाबांनी मान हलवली. "बरं," ते म्हणाले. "समजलं."

आणि ते उठून आत गेले. मी तिथेच बसून राहिले. ते वाक्य मी लिहिलेलं होतं. कशानंतरही बसेल असं, आत काय चाललंय ते मुळीच कळू न देणारं. आता ते माझ्याच वडिलांच्या तोंडून माझ्याच घरात ऐकायला मिळालं, आणि मला रडू आलं. शरमेनं आलं, दुसरं काही नाही.

सकाळी मी ऑफिसला न जाता मालकीणबाईंकडे गेले. म्हटलं, माझी चूक झाली, मी बाबांना विचारलंच नव्हतं. त्यांनी चष्मा नाकावरून खाली ओढून माझ्याकडे पाहिलं, तोही बाबांनीच केलेला. म्हणाल्या, "मी जागेचा शब्द फुलवालीला दिलाय. तिला वाढवायचंय दुकान. ती सोडत असेल तर माझी हरकत नाही." मग फुलवालीकडे गेले. ती बादलीतल्या देठांची टोकं कापत होती. मी सगळं सांगितलं. तिनं कात्री खाली ठेवली.

"मला वाटलं, विचारलंय तुम्ही काकांना," ती म्हणाली. एवढंच. मग म्हणाली, जागेची तिला निकड आहे, पण काका काय म्हणतात ते ऐकल्याशिवाय ती पाऊल टाकणार नाही.

मी बाबांना घेऊन दुकानात आले. दीड महिन्यानं शटर वर गेलं. सगळीकडे धूळ, स्टूल अजून तसंच आडवं. बाबा थेट पडद्यामागे गेले, तक्त्याचा दिवा लावला. मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले, कारण दुसरी खुर्ची नाही. त्यांना सांगितलं कुणाकुणाकडे जाऊन आले ते, आणि कोण काय म्हणालं ते.

"आता विचारते," मी म्हटलं, आणि या वेळी त्यांच्याकडे बघत राहिले. "दुकानाचं काय करायचं?"

बाबा काचांची पेटी पुसत होते. "मी चालू ठेवायचं म्हटलं तर?"

"तर चालू. मी दिवसातून चार फोन करून तुमचं डोकं खाईन. पण चालू."

"अर्धा दिवस म्हटलं तर?"

"तर फुलवालीला नाही म्हणायचं, आणि ते मी म्हणायचं."

"आणि बंद?"

"तर तिला आज किल्ली."

त्यांनी तिन्ही मनात ठेवून पाहिली, एकेक करून, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "वेगवेगळं दिसतंय," ते म्हणाले. "मग थांब जरा. नीट बघू दे."

मी थांबले. माझ्यासारखीला गप्प बसणं म्हणजे शिक्षा, पण बसले. बाहेर फुलवाली कुणाशी तरी बोलत होती. बाबांनी पेटीतल्या काचा एकदा उजवीकडून डावीकडे तपासल्या, एकदा डावीकडून उजवीकडे. दहा मिनिटं तरी गेली असतील. ते चालू ठेवणार, अशी मी मनाची तयारी करत होते.

"मला पुढचं नको," बाबा म्हणाले. "काउंटर, कपाटं, फ्रेमा, खोके, काही नको. ते फुलवालीला दे. मला ही मागची खोली हवी. लोक फुलांतून आत येतील, मी नंबर काढून देईन, चष्मा करायचा तिथे करू देत."

हा पर्याय माझ्या तिन्हींत नव्हता. मी लिहायला बसले असते तरी मला सुचला नसता. फुलवालीला हवी होती ती रस्त्यावरचीच जागा, आणि स्टूल लागायचं ते पुढच्याच कपाटांना. तरी मी म्हटलं, "बेचाळीस वर्षं तुम्ही तो काउंटर सांभाळलात. फ्रेमा विकल्यात."

"मला कधीच आवडलं नाही ते," बाबा म्हणाले. "लोकांना हे छान दिसतं, ते छान दिसतं, असं सांगत बसायचं. तुझी आई करायची तोवर ठीक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं कुणी?"

ते हे टोचून बोलले नाहीत. त्यांना खरंच आठवून बघायचं होतं, कुणी विचारलं होतं का ते. मग त्यांनी ती जड चौकट माझ्या नाकावर चढवली, डोळे लाल दिसतायत म्हणाले, आणि पहिली काच आत सरकवली.